एक हजार रुपयांचा ठराव

नगरपालिका म्हटली की नळ, गटारे, रस्त्यावरचे दिवे आणि घरपट्टीचे बिल एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तिचा इतिहास कोणी आवडीने वाचावा असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु सार्वजनिक पैसा कोणाचा आणि तो प्रथम कोणासाठी खर्चावा, हा प्रश्न पुण्याच्या नगरपालिकेत एका सभासदाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा केला होता. त्याची आठवण वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

पुणे नगरपालिकेची स्थापना 1857 ची. आरंभीच्या काळात तिचे सभासद लोकांनी निवडून दिलेले नसत; सरकार त्यांची नेमणूक करीत असे. 1876 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांची सभासद म्हणून नेमणूक झाली व पुढे काही वर्षे ते या पदावर होते. मुलींसाठी शाळा काढणारे सुधारक म्हणून फुले आपल्याला परिचित आहेत. ते कंत्राटदारही होते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. पुण्याजवळील धरणाच्या कामास त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरविले होते. दगड, चुना आणि मजुरी यांवर पैसा कसा खर्च होतो, हे त्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या काळी नगरपालिकेच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा होता. शहराच्या नाक्यावर मालावर जकात बसे आणि व्यापारी ती मालाच्या किमतीत मिळवून गिऱ्हाइकाकडून वसूल करी. म्हणजे ज्याच्या नावावर घर नाही, ज्याला सभेत स्थान नाही, तो हमालही बाजारातून सामान घेताना नगरपालिकेची तिजोरी भरीत होता. ती वर्षेही सुखाची नव्हती. 1876 ते 1878 या काळातील दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. 1877 मध्ये फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली होती.

या पार्श्वभूमीवर त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविलेला एक प्रसंग पाहावा. व्हाइसरॉय पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्यास सभासदांनी संमती द्यावी, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. फुल्यांनी सुचविले की, ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्चावी. ठराव मतास टाकला गेला. सरकारने नेमलेल्या 32 सभासदांपैकी विरोधी मत केवळ एक पडले, ते फुल्यांचे. ठराव संमत झाला.

पाहुण्यांचा मान राखणे ही आपल्याकडील चांगली रीत आहे, आणि फुले काही रुक्ष गृहस्थ नव्हते. त्यांचा आक्षेप खर्च कोणाच्या पैशातून होतो, याला होता. स्वतःच्या पदरचे हजार रुपये कोणी उधळले असते तर गोष्ट निराळी. ज्यांच्या पैशातून कमानी उभ्या राहणार, त्यांची मुले शाळेबाहेर होती. ज्या सरकारने नेमणूक केली, त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागतखर्चास नकार देणे किती कठीण असेल, याची कल्पना कोणत्याही समितीवर बसलेल्या माणसास सहज येईल.

हा त्यांचा एकच विरोध नव्हता. 1880 मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविषयी त्यांनी नगरपालिकेस पत्र लिहिले. नगरपालिका एकीकडे आरोग्यावर खर्च करते आणि दुसरीकडे आरोग्याचा नाश करणारी दुकाने वाढत आहेत. तेव्हा त्या दुकानांवर कर बसवावा, असे त्यांनी सुचविले. पुढे नवीन मंडईची योजना निघाली, तेव्हाही एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणास द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच विचार त्यांनी व्यापक स्वरूपात मांडला: सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो, मात्र त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांस मिळतो.

मंडई झालीच. 1886 मध्ये ती पूर्ण होऊन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तोवर शनिवारवाड्यासमोरील मैदानात उघड्यावर भरणाऱ्या भाजीबाजाराला तिने छप्पर दिले. आज तिचे नाव महात्मा फुले मंडई आहे! तिच्यामुळे विक्रेत्यांची व गिऱ्हाइकांची पिढ्यान्‌पिढ्या सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे फुल्यांचा विरोध निरर्थक ठरतो, असे आम्हांस वाटत नाही. मंडई उपयोगी की निरुपयोगी, हा त्यांचा वाद नव्हताच. तिजोरी मर्यादित असताना आधी काय आणि नंतर काय, हा तो वाद होता. आणि तो प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी नव्याने उभा राहतो.

काळ बदलला आहे. जकात इतिहासजमा झाली. मुंबईची जकातही 2017 मध्ये बंद झाली. 1993 मध्ये अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांस घटनात्मक स्थान दिले. पुणे महानगरपालिकेने 2006 मध्ये प्रभागातील कामे नागरिकांनीच सुचवावीत, अशी सोय अंदाजपत्रकात केली. जेथे एके काळी एकट्या सभासदाने रयतेची बाजू मांडली, तेथे आता रयतेस स्वतः बोलता येते.

आपल्या धर्मग्रामातही सणाचा खर्च ठरविताना मांडव, बँड आणि रोषणाई यांचे आकडे प्रथम पुढे येतात. आनंद साजरा झालाच पाहिजे. परंतु त्याच बैठकीत फी न भरता आल्याने कोणाचे शिक्षण थांबले आहे काय, असे विचारणारा एक तरी सभासद असावा, आणि त्याचे मत एकटे पडले तरी इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी.