परकीय भाषेत ८० गुण, पण बोलता येतं का? विद्यापीठांचे भाषा विभाग नक्की काय मोजतात?

जर्मनच्या पेपरात ८० गुण आहेत, पण मुलाखतीत जर्मनमधून पहिला प्रश्न आला की तोंडातून शब्द फुटत नाही. परकीय भाषा शिकलेल्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. दरवेळी दोष विद्यार्थ्याचाच असतो असं नाही. विभागाने उद्दिष्ट काय ठरवलं आणि परीक्षेत काय तपासलं, यावरही बरंच अवलंबून असतं.

उद्दिष्ट कसं ठरतं?

'व्याकरणाची ओळख' किंवा 'साहित्याचा परिचय' अशा उद्दिष्टांतून शिक्षक काय शिकवणार ते कळतं. विद्यार्थ्याला शेवटी काय जमेल, ते कळत नाही.

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीने हा प्रश्न उलटा विचारला. त्यात ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीवर 'काय करता येतं' ते लिहिलेलं आहे.

- ए१: स्वतःची ओळख करून देणं, साधे प्रश्न विचारणं
- बी१: अनुभव सांगणं, मत मांडून थोडक्यात कारण देणं
- बी२: मूळ भाषकाशी फारसं न अडखळता संवाद साधणं

सगळ्या भाषांना एकच वेग लावता येत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या अंदाजानुसार, इंग्रजी भाषकाला कामापुरती फ्रेंच यायला साधारण ३० आठवडे लागतात, तर जपानीला ८८. त्यामुळे दोन्ही भाषांच्या पहिल्या वर्षासाठी एकच उद्दिष्ट ठेवलं, तर जपानीचे विद्यार्थी विनाकारण मागे पडलेले दिसतील.

फक्त बोलता आलं की झालं?

नाही. विद्यापीठाकडून त्यापलीकडची अपेक्षा असते. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २००७ च्या अहवालात एका जुन्या पद्धतीवर बोट ठेवलं होतं: सुरुवातीची वर्षं फक्त भाषा, नंतर फक्त साहित्य. भाषा, साहित्य आणि संस्कृती पहिल्या वर्षापासून एकत्र शिकवा, असं या अहवालाचं म्हणणं होतं.

मग मोजायचं कसं?

एकूण गुणांत कच्चा भाग लपतो. म्हणून अनेक परीक्षा प्रत्येक कौशल्य वेगळं तपासतात. फ्रेंचच्या 'डेल्फ'मध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० गुण लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. जर्मनच्या गोएथे बी१ परीक्षेत तर चारही भागांत स्वतंत्रपणे ६० टक्के गुण मिळवावे लागतात.

याउलट जपानीच्या 'जेएलपीटी' परीक्षेत बोलण्याची किंवा निबंध लिहिण्याची चाचणीच नसते. म्हणजे त्या प्रमाणपत्रावरून समोरच्याला जपानी बोलता येतं की नाही, हे ठरवता येत नाही.

विद्यापीठातही यावर उपाय करता येतात: निकष आधी जाहीर केलेली तोंडी परीक्षा, दोन परीक्षक, वर्षभराच्या लेखनाचा आणि ध्वनिमुद्रणांचा संग्रह.

परीक्षा विद्यार्थ्याची की विभागाची?

दोघांचीही. गुण एका विद्यार्थ्याबद्दल सांगतात, तर विभागाच्या मूल्यमापनात सगळ्यांचं काम एकत्र पाहिलं जातं. समजा, बहुतेक जण लेखनात चांगले आहेत, पण ऐकण्यात कच्चे आहेत. मग अडचण एखाद्या विद्यार्थ्याची नाही, ती अभ्यासक्रमाची आहे. अशा वेळी तासिका आणि साहित्य बदलायला हवं. अहवाल तयार करून फाईलला लावला आणि शिकवणं तसंच राहिलं, तर त्या मूल्यमापनाचा उपयोग शून्य.

याने फरक काय पडतो?

भारतातून जाणाऱ्या परिचारिकांना जर्मनीत व्यवसायाची मान्यता मिळवण्यासाठी साधारणपणे बी२ पातळी लागते. तिथे रुग्ण काय सांगतोय ते समजणं आणि त्याला उत्तर देणं हे रोजचं काम असतं. गुणपत्रिकेवरची टक्केवारी अशा वेळी कामाला येत नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागाला तीन प्रश्न विचारा:

- अभ्यासक्रम संपल्यावर कोणती पातळी गाठली जाईल?
- बोलण्याची आणि ऐकण्याची परीक्षा वेगळी होते का?
- गेल्या काही वर्षांच्या निकालांवरून शिकवण्यात काय बदललं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात सापडू शकतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र शिक्षकांनाच विचारावं लागेल.