किताकामी नदीकाठची बुद्धभूमी : हिराइझुमी

जपान म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्रं उभी राहतात. कामाकुराची उघड्यावर बसलेली भव्य बुद्धमूर्ती, नारा शहरातला महाबुद्ध, क्योटोची विहारं. नागपूरकडच्या मंडळींना भदंत सुरेई ससाई आठवतात, कामठीचं ड्रॅगन पॅलेस आठवतं. जपानच्या सहलीला जाणाऱ्यांचा कार्यक्रमही बहुधा याच शहरांत सुरू होतो आणि तिथंच संपतो. आम्हाला मात्र या स्मरणिकेच्या वाचकांना एका वेगळ्याच ठिकाणी न्यायचं आहे. ते राजधानीचं शहर नाही. भातशेती, टेकड्या आणि एक मोठी नदी असा तो खेड्यापाड्यांचा मुलूख आहे. त्यात हिराइझुमी नावाचं जेमतेम सात-आठ हजार वस्तीचं गाव आहे.

नदीचं नाव किताकामी. जपानच्या मुख्य बेटाचा जो उत्तरेकडचा भाग, त्याला तोहोकू म्हणतात. त्या भागातली ही सर्वांत लांब नदी, सुमारे २५० किलोमीटर. इवाते प्रांतात उगम पावते, दक्षिणेकडे वाहत मियागी प्रांतात शिरते आणि प्रशांत महासागराला मिळते. टोकियोहून शिंकानसेन गाडीने दोन-अडीच तासांत इचिनोसेकी स्टेशन येतं, आणि तिथून लोकलने दहा मिनिटांच्या आत हिराइझुमी.

या मुलखाची ओळख बाकीच्या जपानला आधी झाली ती सोन्यामुळे. नाराचा महाबुद्ध घडवला जात होता तेव्हा मूर्तीला मुलामा द्यायला देशात सोनं पुरेना. इ. स. ७४९ मध्ये याच मुत्सू प्रदेशात, आजच्या वाकुया गावाजवळ, सोनं सापडलं आणि ते नाराला पोचलं. पुढे ७५२ मध्ये त्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुली रेखण्याचा मान होता भिक्खू बोधिसेन यांना. हे बोधिसेन आपल्या भारतातले. चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला गेले आणि तिथंच राहिले. म्हणजे हात भारतीय भिक्खूचा आणि सोनं उत्तरेच्या या मुलखातलं, असा तो योग होता.

पण ज्यांच्या जमिनीतून हे सोनं निघालं त्या माणसांची गोष्ट वेगळी आहे. उत्तरेकडच्या या लोकांना दरबार ‘एमिशी’ म्हणे. हा शब्द ज्या अक्षरांत लिहीत त्यांचा अर्थच रानटी असा होता. जे शरण आले त्यांना ‘फुशू’ म्हणत, म्हणजे कैदी. पिढ्यान् पिढ्या शेती करून राहिला तरी माणूस कैदीच. नावातच हलकेपणा चिकटवून ठेवायचा ही तऱ्हा आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

दरबाराने या मुलखावर फौजा पाठवल्या. ७८९ मध्ये इसावा भागातल्या एमिशींनी आतेरुई नावाच्या पुढाऱ्याच्या हाताखाली त्या फौजेची दाणादाण उडवली. शाही सैन्याचे हजारावर शिपाई किताकामीच्या पाण्यात बुडून मेले. नंतर सेनापती साकानोउए नो तामुरामारो आला. त्याने ८०२ मध्ये इसावाचा किल्ला बांधला. त्याची जागा आजच्या ओशू शहरात पाहायला मिळते. त्याच वर्षी आतेरुई आणि त्याचा साथी मोरे हे पाचशे माणसांसह शरण आले. तामुरामारोने दरबाराला विनवणी केली की या दोघांना जिवंत सोडा, त्यांच्या मुलखात परत जाऊ द्या. दरबाराने ऐकलं नाही. दोघांची मुंडकी उडवली. क्योटोच्या ज्या कियोमिझू विहाराशी तामुरामारोचं नाव जोडलेलं आहे, त्याच विहाराच्या आवारात १९९४ मध्ये आतेरुई आणि मोरे यांचं स्मारक उभं राहिलं. क्योटोला जाणाऱ्यांपैकी किती जण ते पाहतात कोण जाणे!

हिराइझुमीच्या नैर्ऋत्येला ताक्कोकु नावाची कपार आहे. तिथं कड्याच्या पोटात लाल खांबांवर बांधलेलं मंदिर आहे, ते तामुरामारोने ८०१ मध्ये विजयाच्या आठवणीसाठी उभारलं अशी परंपरा सांगतात. आजची इमारत १९६१ ची. शेजारच्या उघड्या कड्यावर बुद्धाची प्रचंड आकृती कोरलेली आहे. पावसापाण्याने ती झिजलीय, खालचा भाग तर राहिलाच नाही, चेहरा तेवढा ओळखू येतो.

आता मुख्य माणसाकडे येतो. फुजिवारा नो कियोहिरा याचा जन्म १०५६ चा. त्याची आई आबे घराण्यातली. हे घराणं या ‘कैद्यां’चं पुढारी म्हणून ओळखलं जाई. १०५१ ते १०६२ या काळात आबे घराणं आणि दरबारची फौज यांच्यात युद्ध झालं, आबे बुडाले. कियोहिराच्या बापाने आबेंची बाजू घेतली होती. त्याला पकडून मुद्दाम बोथट केलेल्या तलवारीने मारलं, असं त्या युद्धाच्या बखरीत लिहिलंय. पोर तेव्हा सहा-सात वर्षांचं. आईला जिंकणाऱ्यांच्याच घरात दुसरं लग्न करावं लागलं आणि कियोहिरा बापाच्या वैऱ्यांकडे वाढला. १०८३ ला दुसरं युद्ध पेटलं, ते या नव्या घरातल्या भाऊबंदकीतून. त्यात सावत्र भावाच्या माणसांनी कियोहिराच्या बायकोला आणि मुलांना ठार केलं. १०८७ मध्ये युद्ध संपलं तेव्हा सगळी सत्ता एकट्या कियोहिराच्या हातात आली. तोवर त्याच्या घरातलं कोणी उरलं नव्हतं.

अशा माणसाने काय केलं असतं याचा अंदाज बांधायला इतिहासात उदाहरणं पुष्कळ आहेत. कियोहिरा हिराइझुमीला राहायला आला आणि ११०५ पासून टेकडीवर चूसोनजी विहार बांधायला लागला. मुत्सू प्रदेशाच्या दक्षिण वेशीपासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर त्याने साधारण शंभर-सव्वाशे मीटरच्या अंतराने स्तूपशिळा बसवल्या, प्रत्येकीवर सोनेरी अमिताभ बुद्ध. वाटसरूला चालताना दर थोड्या पावलांनी बुद्ध भेटावा अशी ती योजना होती. त्रिपिटकाची प्रत करवून घेतली ती निळ्या कागदावर, एक ओळ सोन्याच्या शाईत, दुसरी चांदीच्या. पाच हजारांवर गुंडाळ्या झाल्या. सोळाव्या शतकाच्या शेवटी सत्ताधाऱ्यांनी त्यातल्या बहुतेक उचलून नेल्या, त्या आज कोया पर्वतावरच्या विहारात आहेत. चूसोनजीकडे पंधराच उरल्या.

११२६ मध्ये विहाराच्या अर्पण-सोहळ्यात एक संकल्पपत्र वाचलं गेलं. मूळ कागद गेला, पण चौदाव्या शतकातल्या नकला शिल्लक आहेत. त्यात कियोहिरा स्वतःला कैद्यांचा म्होरक्या आणि रानटी लोकांचा पुढारी म्हणवून घेतो. दरबाराने दिलेली शिवी तो स्वतःच्या तोंडाने उच्चारतो, पण तशाच माणसाने एवढा मोठा विहार उभा केलाय हे त्याच कागदावर नोंदवतो. आणि पुढे म्हणतो की या मुलखात शाही शिपाई मेले, आमचे लोक मेले, पशुपक्षी आणि मासे तर किती मारले गेले त्याची गणतीच नाही. विहाराची घंटा जेव्हा जेव्हा वाजेल तेव्हा निष्पाप मेलेल्या या सगळ्यांना ती सुखाच्या भूमीकडे नेवो. शत्रू-मित्र, माणूस-जनावर असा फरक त्यात नाही. ज्याच्या बापाला असं मारलं त्याने मारणाऱ्यांच्या मेलेल्यांसाठीही घंटा बांधली! आम्हाला विचाराल तर हिराइझुमीतलं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे हा कागद.

इथं एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. अमिताभाची ‘सुखावती’ म्हणजे मरणानंतरचा लोक, ही कल्पना बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात बसत नाही, आणि आम्ही ती ओढूनताणून बसवणारही नाही. शिवाय कियोहिरा काही भिक्खू नव्हता. सोनं आणि घोडे यांच्या व्यापारावर गब्बर झालेला सत्ताधीश होता. ते सोनं नदीच्या वाळूतून ज्यांनी चाळून काढलं त्यांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. तरीपण त्याच्या घराण्याने सुखावती ढगांत ठेवली नाही, ती किताकामीच्या काठावर, चालताबोलता बघता येईल अशी रचायला घेतली. जवळपास शंभर वर्षं त्या मुलखात युद्ध झालं नाही.

त्या रचनेचा कळस म्हणजे ११२४ मध्ये पुरी झालेली कोन्जिकीदो, म्हणजे सुवर्णगृह. गंधसरूसारख्या उंच झाडांच्या चढणीने, त्सुकिमिझाका नावाच्या वाटेने वर जावं लागतं. नाव ऐकून मोठा महाल डोळ्यांपुढे येतो, पण इमारत साडेपाच मीटर लांब आणि तेवढीच रुंद. चाळीतल्या दोन खोल्यांएवढी जागा. आतबाहेर सगळीकडे सोन्याचा वर्ख. खांबांवर दक्षिणेच्या समुद्रातल्या शिंपल्यांचं जडावकाम. आत तीन वेद्या, प्रत्येकीवर मध्ये अमिताभ, बाजूंना अवलोकितेश्वर आणि महास्थामप्राप्त, सहा क्षितिगर्भ बोधिसत्त्व आणि दोन रक्षक. वेद्यांखाली कियोहिरा, मुलगा मोतोहिरा आणि नातू हिदेहिरा यांचे सुकलेले देह आहेत. १३३७ च्या आगीत विहाराच्या बहुतेक इमारती गेल्या, मूळची घंटाही गेली. १३४३ मध्ये ओतलेली दुसरी घंटा अजून आहे. सुवर्णगृह वाचलं. १९५१ मध्ये जपान सरकारने ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून इमारतींची नोंद सुरू केली त्यात पहिला मान याला मिळाला. आता ते सिमेंट-काँक्रीटच्या घराच्या पोटात, काचेमागे आहे आणि आत फोटो काढू देत नाहीत. काही जण त्यामुळे हिरमुसतात. आम्हाला वाटतं, बरंच आहे. माणूस निदान पाच मिनिटं नुसता बघत उभा राहतो.

मोतोहिराने मोत्सूजी विहार वाढवला. त्या काळच्या इमारती एकही उरलेली नाही, जोत्याचे दगड आणि एक मोठं तळं आहे. पण ते तळं पाहण्यासारखं आहे. काठावर समुद्रकिनाऱ्यासारखे गोटे, पाण्यात तिरका उभा केलेला एक दगड, आणि ओढ्यासारखा वळत येणारा पाण्याचा पाट. मे महिन्यात या पाटाकाठी जुन्या पोशाखात कवी बसतात, पाण्यावर मद्याचा प्याला तरंगत सोडतात आणि तो येईतो कविता लिहितात. हिदेहिराने उजी गावच्या प्रसिद्ध ब्योदोइन विहाराच्या धर्तीवर मुर्योकोइन बांधला. मागे किन्केइसान नावाची छोटी टेकडी; सूर्य तिच्यामागे मावळताना बुद्धाच्या मागे मावळल्यासारखा दिसावा अशी जागा निवडली होती. आज तिथं तळ्याची आणि बेटांची खूण उरलीय.

शेवट भाऊबंदकीतूनच आला. मिनामोतो योशित्सुने हा नावाजलेला वीर सख्ख्या नसलेल्या भावाच्या, म्हणजे योरितोमोच्या भीतीने हिदेहिराच्या आश्रयाला आला. हिदेहिराने त्याला सांभाळलं. ११८७ मध्ये तो वारला आणि मुलगा यासुहिरा दडपणाखाली आला. ११८९ मध्ये त्याने पाहुण्यावरच हल्ला केला, योशित्सुने मेला. तरी योरितोमो चालून आलाच. यासुहिराला त्याच्याच चाकराने मारलं आणि हिराइझुमीचं राज्य संपलं. जिंकून आलेल्या योरितोमोने मात्र विहारांना हात लावला नाही, उलट कामाकुराला परतल्यावर या दोन्ही मेलेल्यांच्या शांतीसाठी योफुकुजी हे विहार बांधलं. कियोहिराचा कागद शत्रूपर्यंतही पोचला होता म्हणायचा!

योशित्सुने जिथं मेला असं मानतात ती ताकादाची टेकडी नदीच्या अगदी वर आहे. समोर किताकामीचं संथ पाणी, पलीकडे ताबाशिने डोंगर. बरोबर पाचशे वर्षांनी, १६८९ मध्ये, कवी बाशो इथं आला आणि गवतावर त्याने लिहिलेली कविता जपानची पोरं शाळेत शिकतात. १९८८ पासून टेकडीच्या पायथ्याशी नवा रस्ता आणि बंधारा यांसाठी उत्खनन सुरू झालं तेव्हा हिदेहिराच्या कारभाराची जागाच सापडली. मातीच्या प्याल्यांचे ढीगच्या ढीग निघाले. लोकांनी आवाज उठवला आणि १९९३ मध्ये सरकारला रस्ता वळवावा लागला.

लेकरंबाळं बरोबर असतील तर इचिनोसेकीजवळच्या दोन घळी चुकवू नयेत. दोन्ही घळींतलं पाणी पुढे किताकामीलाच मिळतं. गेइबिकेइत नावाडी बांबूने चपटी होडी ढकलतो आणि परतताना कड्यांमध्ये आवाज घुमवत लोकगीत म्हणतो. गेन्बिकेइत पलीकडच्या काठावरच्या दुकानातून दोरीवर टोपली येते. लाकडी पाटी ठोकायची, टोपलीत पैसे ठेवायचे, मग तांदळाच्या गोळ्या आणि चहा हवेतून घळ ओलांडून येतो. नदीच्या वरच्या अंगाला हानामाकी हे कवी मियाझावा केन्जीचं (१८९६–१९३३) गाव. सद्धर्मपुंडरीक सूत्राचा हा उपासक शेतकऱ्यांना खताचा हिशोब फुकट करून देत असे, आणि मरताना वडिलांना त्या सूत्राच्या हजार प्रती छापून वाटायला सांगून गेला.

जून २०११ मध्ये हिराइझुमी जागतिक वारशाच्या यादीत आलं. त्याच्या तीनच महिने आधी, ११ मार्चला, भूकंप आणि त्सुनामी आली होती आणि समुद्राचं पाणी याच नदीच्या मुखातून आत शिरलं होतं. मेलेल्या सगळ्यांसाठी लिहिलेला तो जुना कागद त्या दिवसांत तोहोकूच्या लोकांना पुन्हा आठवला असेल तर नवल नाही.

सुवर्णगृहात आणखी एक गोष्ट होती. हिदेहिराच्या देहाशेजारी एका डब्यात मुंडकं ठेवलेलं होतं. १९५० मध्ये शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा कपाळावर खिळ्याची खूण मिळाली आणि ते यासुहिराचं असल्याचं ठरलं. हरलेल्याचं शिर खिळ्याने ठोकून मिरवलं होतं, नंतर कोणीतरी ते गुपचूप बापाजवळ आणून ठेवलं. त्याच डब्यात कमळाच्या शंभरेक बिया सापडल्या. त्यांतून रोप जगवायला बरीच वर्षं गेली. १९९८ मध्ये पहिलं फूल उमललं. आता दर जुलैत चूसोनजीच्या तळ्यात ती फिकट गुलाबी कमळं फुलतात. बघायची असतील तर सकाळी लवकर जावं, दुपारपर्यंत पाकळ्या मिटतात.