शालेय इतिहासातील अनुपस्थित दुष्काळ : १८७६-७८ च्या संदर्भात

प्रस्तावना

शालेय इतिहासाचे अध्यापन प्रामुख्याने राजवटी, लढाया, कायदे आणि थोर व्यक्ती यांच्याभोवती फिरते. त्यातून विद्यार्थ्यांना कालक्रम समजतो. परंतु सामान्य माणसाची उपासमार आणि त्याचा प्रतिकार दुर्लक्षित राहतो. १८७६-७८ चा दुष्काळ हे याचे ठळक उदाहरण होय.

वगळलेला संदर्भ

वासुदेव बळवंत फडके यांचे १८७९ चे बंड विद्यार्थ्यांना परिचित असते. रामोशांची साथ, एडनचा कारावास आणि १८८३ मधील मृत्यू हा तपशील पाठ होतो. मात्र या बंडाची भूमी तयार करणारा दुष्काळ बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. दख्खनपासून मद्रास इलाख्यापर्यंत या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे दगावली. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत दिल्ली दरबार थाटात पार पडला. देशातून धान्याची निर्यातही चालूच राहिली. त्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुषाची रोजची मजुरी एक रत्तल धान्य व किरकोळ रक्कम एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून या कपातीस विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. म्हणजेच दुष्काळ ही केवळ पावसाने दगा दिल्याची घटना नव्हती. तीत राज्यकर्त्यांच्या धोरणाचाही वाटा होता. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाली, यावरूनही हेच सूचित होते.

साधने आणि अध्यापन

या विषयासाठी मराठीत अस्सल साधने उपलब्ध आहेत. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील दुष्काळाची स्थिती आणि सत्यशोधकांचे मदतकार्य यांची माहिती मिळते. असे पत्र आणि सरकारी अहवाल वर्गात शेजारी-शेजारी ठेवून वाचल्यास एकाच घटनेचे दोन साक्षीदार काय पाहतात, हे विद्यार्थ्यांना स्वतः ताडता येईल.

तथापि अभ्यासक्रमाचा भार कमी करताना पहिली कात्री बहुधा अशाच आशयाला लागते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार तयार झालेल्या एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातून २०१९ मध्ये शेतकरी, पोशाख आणि क्रिकेट यांवरील प्रकरणे गाळण्यात आली.

समारोप

पृष्ठसंख्येची मर्यादा पाहता प्रत्येक पाठ्यपुस्तकात निवड अटळ आहे. प्रश्न निवडीच्या निकषाचा आहे. बंड शिकवून त्यामागील भूक वगळली, तर विद्यार्थ्याला वीर पुरुष भेटतो. परंतु त्याच्यामागे माणसे का उभी राहिली, हे कळत नाही. कार्यकारणभाव हरवलेला इतिहास परीक्षेपुरता स्मरणात राहतो. दुष्काळ ज्यांच्या घरी आजही येतो, त्या विद्यार्थ्यांना तो आपला वाटत नाही.