गणकयंत्राच्या पिढ्या

महिला मंडळाच्या स्मरणिकेत गणकयंत्राचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही भगिनींच्या मनात येईल. परंतु विजेचे बिल, बँकेचे पासबुक, मुलांचा अभ्यास हे सारे आज ज्या यंत्रावर चालते, त्याची वंशावळ आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. शिवाय तिच्यातील एक मोठा अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

‘कॉम्प्युटर’ हा शब्द मूळचा यंत्राचा नव्हेच. आकडेमोड करणाऱ्या माणसाला तो लावीत, आणि हे काम पुष्कळदा स्त्रियाच करीत. इ. स. १९४६ मध्ये अमेरिकेत ‘एनिॲक’ हे सुमारे १८,००० व्हॉल्व्हचे, तीस टन वजनाचे यंत्र जगापुढे आले. त्यास कामाची आज्ञावली घालून देणाऱ्या सहाजणी स्त्रिया होत्या. त्यांची नावे मात्र कित्येक वर्षे कोणी घेतली नाहीत.

व्हॉल्व्हची ही पहिली पिढी. आपल्या जुन्या रेडिओत जे काचेचे दिवे असत, तेच हे. ते तापत, जळत आणि वारंवार बदलावे लागत. मुंबईस डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी याच पद्धतीचे यंत्र स्वतः बांधावयास घेतले. १९५६ साली त्याचा लहान नमुना चालू झाला, तर १९६० साली पूर्ण यंत्र कामास लागले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते आणि त्याचा पोलादी सांगाडा अठरा फूट लांब व आठ फूट उंच होता. त्याची स्मृती मात्र नव्या तऱ्हेची होती. बारीक चुंबकीय कड्यांतून तारा ओवून ती केलेली असे. मंगळसूत्राची पोत ओवावी, तशी. चाळीस-चाळीस अंकांच्या २,०४८ शब्दांसाठी अशा ऐंशी हजारांहून अधिक कड्या लागतात! १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

परंतु दैव असे, की बारसे होईतो जग पुढे गेले होते. १९४७ मध्ये शोध लागलेल्या ट्रान्झिस्टरची दुसरी पिढी तोवर बाजारात आली होती. १९६४ साली त्याच संस्थेत त्या पिढीचे ‘सीडीसी ३६००’ हे यंत्र अमेरिकेहून आणावे लागले. मग टिफ्रॅकचे श्रम वाया गेले काय?

याचे उत्तर पुढच्या इतिहासात आहे. १९५८ मध्ये एकाच तुकड्यावर सारे मंडल बसविण्याची युक्ती निघाली, ती तिसरी पिढी झाली. १९७१ साली इंटेल कंपनीने नखाएवढ्या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर बसविले आणि चौथी पिढी घरोघर जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे अमेरिकेने आपणांस हवा तो महासंगणक देण्याचे नाकारले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ साली तिने ‘परम ८०००’ सिद्ध केला. एकाच बलाढ्य यंत्राऐवजी अनेक लहान गणकांनी काम वाटून घ्यावे, ही त्यातील कल्पना. मंडळाच्या हळदीकुंकवाची तयारी आपण अशीच करतो ना? २०२४ साली ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्रास अर्पण झाले. त्यांतील एक, नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावाजवळ खोडदला जी महादुर्बीण आहे, तिच्या संशोधनासाठी पुण्यात बसविला आहे.

त्यातील बहुतेक चिप अजून परदेशांतूनच येतात, हे विसरून चालणार नाही. परंतु १९५० च्या दशकात आपल्या माणसांनी स्वतः तारा जोडून पाहिल्या नसत्या, तर नकार आला त्या दिवशी आपण हातपाय गाळून बसलो असतो. यंत्र दहा वर्षांत जुने होते, पण ते बांधताना हातात आलेली विद्या पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. म्हणून भगिनींनो, नातवंडांच्या हातातील यंत्राकडे दुरूनच पाहू नका. ते जवळ घ्या, प्रश्न विचारा, शिका. या विद्येच्या आरंभी स्त्रियाही होत्या. ती आपणांस परकी नाही.