खाटेजवळची सेवा, खुर्चीजवळचा पगार

रुग्णालयाच्या दालनात आपल्या माणसाच्या उशाशी ज्याने एक रात्र काढली आहे, त्याला परिचारिकेची किंमत सांगावी लागत नाही. परंतु ती किंमत पगाराच्या कागदावर कशी मांडली गेली, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्लॉरेन्स नायटिंगेल यांनी 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. वर मेट्रन, तिच्या हाताखाली दालनाची सिस्टर, आणि सर्वांत खाली परिचारिका, अशी उतरंड त्या परंपरेतून रुजली. इंग्रजी अमदानीत ती आपल्याकडे आली. रत्नागिरीच्या शासकीय रुग्णालयात आज तीच उतरंड मराठी नावांनी उभी आहे. अधिपरिचारिका खाटेजवळ, तिच्या वर दालन सांभाळणारी परिसेविका, आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे जुन्या काळची मेट्रन.

1946 साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात परिचारिका होत्या सुमारे 7,000. त्यांच्या नोकरीच्या अटी पाहण्यासाठी पुढे 1954 साली शेट्टी समिती नेमावी लागली. समित्या झाल्या, वेतन आयोग झाले, पगार वाढले; पण उतरंडीचा नियम तोच राहिला.

केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगाचे आकडेच पाहा. खाटेजवळच्या परिचारिकेचे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होते, सिस्टरचे 47,600 पासून, नर्सिंग सुपरिंटेंडेंटचे 67,700 पासून, आणि चीफ नर्सिंग ऑफिसरचे 78,800 पासून. म्हणजे वरची पायरी खालच्या पायरीच्या पावणेदोनपट. हे अंतर अवाजवी आहे, असे आम्ही म्हणत नाही. पाळ्या लावणे, रजा भागवणे, साठा राखणे, डॉक्टर आणि नातेवाईक या दोघांची बोलणी ऐकणे, हेही कामच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मोठा पगार हवा असेल तर रोग्यापासून दूर जावे लागते. कारखान्यातही आम्ही हेच पाहिले. उत्तम टर्नर मुकादम झाला, की यंत्रावरचा हात जातो, आणि मुकादम चांगला मिळेलच याची खात्री नसते.

यावर सरकारने एक तोड काढली. केंद्रात 2008 पासून, बढती न मिळालेल्यास 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. तोड चांगली आहे. पण ती वर्षे मोजते, हात मोजत नाही. आणि एकत्रित मानधनावरच्या कंत्राटी परिचारिकेला तीही लागू नाही. खासगी रुग्णालयांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितले, की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी दराने पगार द्यावा, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी तो 20,000 रुपयांच्या खाली नसावा. शिफारस झाली, ती पगारपत्रकात उतरवून घेणे हे संघटनेचे काम आहे.

इंग्लंडनेही ही चूक करून पाहिली. तिथे 1966 साली सॅल्मन समितीने परिचारिकांच्या व्यवस्थापकीय पायऱ्या आखल्या, आणि जाणत्या बाया दालन सोडून कचेरीत जाऊ लागल्याची तक्रार झाली. 2004 च्या नव्या वेतनरचनेत मात्र खाटेजवळच राहून विशेष कौशल्य मिळवणाऱ्या परिचारिकेलाही वरची श्रेणी खुली झाली.

2023 साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अध्यापन रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका हवी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. त्या परिचारिका येतील, शिकतील, तयार होतील. तयार झालेला हात खाटेजवळ राहावा असे आपणांस वाटत असेल, तर त्या हाताची वाढ खाटेजवळच झाली पाहिजे. रोगी ज्या रात्री हाक मारतो, त्या रात्री कचेरीचे दार बंद असते.