उद्योगसंस्थांतील संगणक प्रणालींचे अपयश : संशोधनाचा इतिहास

हिशेब, साठा, खरेदी, विक्री, वेतन इ. व्यवहार एकत्र गुंफणाऱ्या संगणक प्रणाली उद्योगसंस्थांत बसविण्याचे प्रयत्न पुष्कळदा फसतात. ते का फसतात, याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अपयश कशाला म्हणावयाचे, यावरच त्याची कारणे अवलंबून असतात, ही गोष्ट या अभ्यासातून हळूहळू स्पष्ट होत गेली.

व्यवस्थापकांना माहितीचा तुटवडा भासत नसून अनावश्यक माहितीचा सुकाळच त्यांना भोवतो, असे अमेरिकन अभ्यासक रसेल ॲकॉफ यांनी १९६७ मध्ये प्रतिपादन केले. हेन्री ल्यूकस यांच्या १९७५ च्या ग्रंथाने यंत्रापेक्षा ते वापरणाऱ्या माणसांच्या वर्तनाकडे लक्ष वेधले. तथापि दोष एकतर प्रणालीत किंवा माणसांत, ही विभागणी कायम राहिली.

ती मोडली लिन मार्कस यांच्या १९८३ मधील निबंधाने. एका मोठ्या कंपनीत (तिचे नाव बदललेले आहे) विभागांचे आर्थिक व्यवहार एका मध्यवर्ती संचयात नोंदविणारी प्रणाली आणण्यात आली. मुख्य कार्यालयातील लेखापालांनी तिचे स्वागत केले. विभागीय लेखापाल मात्र आपल्या जुन्या वह्या चालवीत राहिले. पूर्वी ते स्वतः गोषवारा करून वर पाठवीत. आता त्यांचा तपशील वरिष्ठांना परस्पर दिसू लागला होता. स्वभाव हेच विरोधाचे कारण असते, तर बदलीनंतरही माणसाची भूमिका तीच राहिली असती. पण मुख्य कार्यालयातून विभागात गेलेला लेखापालही विरोधक बनला. सत्तेच्या वाटपात प्रणालीने केलेला बदल हेच विरोधाचे मूळ होते. या क्षेत्रातील इतका निर्णायक पुरावा विरळाच.

कॅले ल्यूटिनेन व रुडी हर्शहाइम यांनी १९८७ मध्ये अपयशाच्या चार कल्पना वेगळ्या केल्या : ठरविलेली उद्दिष्टे न गाठणे, काम वेळेत वा खर्चात पूर्ण न होणे, प्रणाली वापरली न जाणे आणि संबंधित गटाचा अपेक्षाभंग होणे. शेवटची कल्पना सर्वांत व्यापक असून तीनुसार एकच प्रणाली एका गटाला यशस्वी, तर दुसऱ्याला अपयशी वाटू शकते. याउलट स्टँडिश ग्रुप या अमेरिकन संस्थेने १९९४ मध्ये केवळ १६·२ टक्के प्रकल्प यशस्वी ठरविले आणि हा आकडा जगभर उद्‌धृत झाला. वेळ, खर्च व सुविधा यांच्या मूळ अंदाजांशी तुलना हीच त्यामागील कसोटी होती. साहजिकच, फुगवून अंदाज देणारी संस्था तीत यशस्वी ठरते, असा आक्षेप एव्हेलेन्स व व्हेरहूफ यांनी २०१० मध्ये घेतला.

जर्मनीतील सॅप (स्थापना १९७२) या कंपनीची आर/३ ही प्रणाली १९९२ पासून प्रसृत झाल्यावर तयार प्रणालींचे युग आले. अशी प्रणाली स्वतःचे तर्कशास्त्र संस्थेवर लादते, असे टॉमस डॅव्हनपोर्ट यांनी १९९८ मध्ये दाखविले. फॉक्समेयर या अमेरिकेतील औषध-वितरक कंपनीचे १९९६ मधील दिवाळे हे यातील बहुचर्चित उदाहरण. जूडी स्कॉट यांच्या अभ्यासानुसार (१९९९) केवळ आज्ञावलीला दोष देऊन त्याचा उलगडा होत नाही. गोदामांचे स्वयंचलन त्याच वेळी हाती घेतले होते; बंद होऊ घातलेल्या गोदामांतील कामगारांचे मनोधैर्य खचून मालाची नासधूस झाली. पुढे प्रणालीचे विक्रेते व सल्लागार यांवर दावे झाले, त्यामुळे उपलब्ध वृत्तान्त पक्षपाताने रंगलेले आहेत.

विकसनशील देशांच्या संदर्भात रिचर्ड हीक्स यांनी २००२ मध्ये आराखडा व वास्तव यांतील अंतराची कल्पना मांडली. भारतातील जिल्हा प्रशासनासाठी आणलेल्या भौगोलिक माहिती प्रणालींचा जेफ वॉल्शम व संदीप सहाय यांनी केलेला अभ्यास (१९९९) याच्याशी जुळतो : नकाशे पाहून निर्णय घेण्याची सवयच कार्यालयांत नव्हती.

अपयश आलेल्या खाजगी कंपन्या संशोधकांना सहसा दारे उघडत नाहीत. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी कोलमडलेल्या लंडन रुग्णवाहिका सेवेच्या प्रणालीसारखी सार्वजनिक प्रकरणे मात्र चौकशी अहवालांमुळे खुली होतात. म्हणून संशोधनग्रंथांत त्यांची संख्या लक्षणीय आढळते.