आबांच्या हातावरची पट्टी

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज मला एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती माझीच आहे.

मागे ऑगस्ट क्रांतीवरच्या भागात मी तुम्हाला माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, गोष्ट सांगितली होती. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमारच्या मिरवणुकीत आबा होते आणि पोलिसांच्या लाठीने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली, असं मी सांगितलं होतं. आमच्या घरात हे सगळ्यांना तोंडपाठ. शाळेत मी या विषयावर भाषण करून बक्षीससुद्धा मिळवलं होतं.

मग दिवाळीच्या साफसफाईत एक फोटो सापडला. कडा कुरतडलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मध्ये खुर्चीवर पणजोबा, डोक्याला पागोटं. शेजारी नऊवारीतली पणजी, डोक्यावरून पदर. पायाशी परकरातली पाच वर्षांची मुलगी, म्हणजे आबांची धाकटी बहीण. तिला आम्ही सगळेच फुई म्हणतो. खानदेशात आत्याला फुई म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगितलं. मागे टोपी घालून उभे, तेरा वर्षांचे आबा.

फोटो स्कॅन करून मोठा केला तेव्हा दिसलं, की खुर्चीच्या पाठीवर टेकलेल्या आबांच्या उजव्या हाताला पट्टी आहे. आणि पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलने मोडीत एक ओळ आहे. मोडी वाचणाऱ्या एका मित्राकडून ती वाचून घेतली. ‘दिवाळी 1941.’

1941! म्हणजे गोळीबाराच्या जवळजवळ वर्षभर आधी.

आता आधी त्या दिवसाचं पक्कं काय ते सांगतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता; तो 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. 1942 साली हे पश्चिम खानदेशातलं, कापसाच्या आणि मिरचीच्या व्यापाराचं गाव. ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे सुरतेशी जोडलेलं, म्हणून घराघरांत अहिराणी, गुजराती आणि मराठी तिन्ही चालायच्या. 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, 9 तारखेला पहाटे गांधीजींसह नेते पकडले गेले. ठिकठिकाणी मोठी माणसं तुरुंगात गेल्यावर मुलं पुढे आली. बरोबर एक महिन्याने, 9 सप्टेंबरला, नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. तिरंगा शिरीषकुमार मेहताच्या हातात. त्याचा जन्म 28 डिसेंबर 1926 चा, म्हणजे सोळावंही पूर्ण नव्हतं. पोलिसांनी मुलींवर बंदूक रोखली तेव्हा तो पुढे झाला, असं सांगतात. त्याच्यासोबत लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह हे चौघेही गेले. माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे. हे सगळं जिथल्या तिथे आहे.

फक्त आबांची बोटं त्यात बसत नव्हती.

फोटो घेऊन मी फुईकडे गेलो. आता तिची नव्वदी जवळ आलीय. चष्मा लावून तिने फोटो बराच वेळ पाहिला, स्वतःला ओळखून हसली. मी विचारलं, “फुई, आबांना लाठी नक्की कधी लागली गं?”

ती म्हणाली, “कसली लाठी? भाऊ तठे व्हताच नही.”

मग तिने सांगितलं. बोटं गाडीचं जू उतरवताना चेंगरली होती, फोटोच्या आधी आठ दिवस. आणि मिरवणुकीच्या दिवशी आबा निघाले होते खरे, टोपी घालून. पण बाजारात पोलीस जमलेत हे ऐकून पणजोबा घरी आले, आबांना मानगुटीला धरलं आणि धान्याच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. गोळ्यांचा आवाज आबांनी त्या अंधारात ऐकला. फुईला एवढंच आठवतं, की दुसऱ्या दिवशी पोळा होता आणि घरात बैल सजवले नाहीत. मी नंतर पंचांग लावून पाहिलं. 10 सप्टेंबर 1942 ला खरंच श्रावणातली अमावस्या होती.

मग लाठीची गोष्ट आली कुठून? फुई म्हणाली, लोकांनीच केली. वाकडी बोटं बघायचे, वय बघायचे आणि जोडून टाकायचे. आबा कधी “हो” म्हणाले नाहीत. पण “नाही” असंही सगळ्यांसमोर म्हणाले नाहीत.

एकदाच म्हणाले. 1972 साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. ते वर्ष दुष्काळाचं, विहीर आटलेली, घरात खाणारी नऊ तोंडं. ओळखीचे लोक म्हणाले, अर्ज करा, साक्षीदार आम्ही देतो. आबांनी अर्ज केला नाही. आमच्या घरात हे त्यांच्या त्यागाचं उदाहरण म्हणून सांगितलं जायचं, की देशसेवेचे पैसे नकोत. फुईला मात्र ते म्हणाले होते, “मी खोलीत होतो. खोलीत बसल्याचे पैसे कसे घेऊ?”

हे ऐकून आधी मला वाईट वाटलं. बक्षिसाचा कप आठवला. नंतर वाटलं, आपण चुकीच्या गोष्टीचा अभिमान बाळगत होतो. मिरवणुकीत नसणं हा काही आबांचा दोष नव्हता. चौदा वर्षांचं पोर आणि घाबरलेला बाप. पण दुष्काळात, साक्षीदार तयार असताना, खोटी सही न करणं हे मात्र त्यांनी स्वतः केलं. दरवर्षी 9 सप्टेंबरला ते माणिक चौकात जायचे आणि गर्दीच्या अगदी मागे उभे राहायचे. का, ते आता कळतं.

तेव्हा मंडळी, तो जुना भाग मी काढत नाही, त्याच्या सुरुवातीला ही दुरुस्ती जोडतोय. आणि तुमच्या घरी असा फोटो असेल तर तो उलटून बघा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. आमच्याकडे फुई होती म्हणून निभावलं.

भेटू पुढच्या भागात.